कमजोर पिन

पिन तुटायला हवी होती. ती तुटली नाही.

कारखान्याच्या अंगणात काँक्रीटच्या खांबाला दांडा बांधला होता, दुसऱ्या टोकाला जॅक. घरातला थोरला भाऊ पंपाची मूठ खाली-वर करत होता आणि गेजचा काटा चढत होता. काटा लाल रेघेवर आला तेव्हा अंगणातल्या सगळ्यांनी श्वास रोखला. काट्याने रेघ ओलांडली आणि तो आपला निवांत पुढे निघाला, सुट्टीवर निघालेल्या माणसासारखा. खांबाच्या बुडाशी काँक्रीट करकरलं.

“थांबवा,” विमानतळाच्या तपासनीस बाई म्हणाल्या.

थोरल्याने मूठ सोडली. त्याची बायको, जिला सगळा कारखाना वहिनी म्हणतो, स्टोअरच्या दारात किल्ल्यांचा जुडगा धरून उभी होती. नवऱ्याच्या मानेवरची शीर बघूनच तिला कळलं की आज जेवण कोणाच्या घशाखाली उतरणार नाही.

दांडा म्हणजे टो-बार. विमान स्वतःहून मागे जात नाही. त्याच्या पुढच्या चाकाला हा दांडा अडकवायचा आणि ट्रॅक्टरने ढकलत-ओढत त्याला जागेवर न्यायचं. ट्रॅक्टरवाल्याने वळण जरा जास्त घेतलं, घाईत ब्रेक दाबला, की सगळा हिसका विमानाच्या पायाला बसतो. म्हणून दांड्याच्या तोंडाशी बोटाएवढी एक पिन असते, मुद्दाम मऊ केलेली. हिसका बसला की ती तुटते, विमानाचा पाय वाचतो, आणि दोन मिनिटांत दुसरी पिन घालून काम पुढे. तिचं कामच तुटायचं.

नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सहा आठवड्यांनी उघडणार होता. त्याच्या जमिनीवरचं सामान या घराने द्यायचं होतं: साठ ट्रॉल्या, चार जिने, चोवीस दांडे. आजवर या घराने जुन्या, एका धावपट्टीच्या विमानतळाला हातगाड्या पुरवल्या होत्या आणि त्यावर तीन पिढ्या जेवल्या होत्या. हे काम म्हणजे उडीच होती. आणि पहिल्याच दांड्याने पाय अडकवला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाला निदान चहा देता येतो.

“पिन बदलता येईल,” त्या म्हणाल्या. “चार वाजता मी पुन्हा ओढून बघेन. पण ही अशी का झाली ते मला लिहून द्या. कारण कळल्याशिवाय मी दुसऱ्यांदा ओढत नाही. एका कारणाने चोवीसच्या चोवीस परत जाऊ शकतात. तोवर मी जिने बघते.” चष्मा गळ्यात सोडून त्या निघूनही गेल्या.

ताईने हातोडीने ठोकून पिन बाहेर काढली. ताई म्हणजे वहिनीची नणंद, दांड्याचं ड्रॉइंग हिचंच. गेले बारा दिवस ती विमानतळाच्या फरशीचे उतार मोजत होती, काल संध्याकाळी परतली. तिने पिन हातात फिरवली आणि तिच्या कपाळावर आठी उभी राहिली. वहिनीने लांबूनच बघितलं. पिनेच्या डोक्यावर तीन ठिपके होते, पंचने मारलेले, एकमेकांना चिकटून.

असे तीन ठिपके या कारखान्यात एकच माणूस मारतो.

*

ड्रॉइंगची खोली पत्र्याखाली होती आणि भट्टीसारखी तापली होती. पंखा होता, पण तो कागद उडवतो म्हणून कायम बंद.

“आप्पांनी केलंय,” ताई वडिलांबद्दल म्हणाली. “लपवायचं काय त्यात? स्वतःची निशाणीसुद्धा मारलीय. कडक पोलाद घेतलं, स्वतः लेथवर बसले, आणि चोवीस पिना बदलल्या. न विचारता.”

“हळू बोल,” थोरला म्हणाला. दिवसभरात तो जेवढे शब्द बोलतो त्यातले दोन त्याने इथे खर्च केले.

“हळू बोलून काय होणारय? विमानाचा पाय मोडला असता म्हणजे? माणसं असतात दादा आत!”

धाकटा भाऊ आधीच लिहीत बसला होता. निविदा, फॉर्म, खुलासे, शपथपत्रं हा त्याचा प्रांत. पाठीमागे त्याला सगळे टेंडरशेठ म्हणत, आणि खरं सांगायचं तर तोंडावरही.

“ऐका,” तो म्हणाला, “‘पिना पुरवणाऱ्या लेथवाल्याकडून चुकीच्या धातूचा माल आला. सदर पुरवठादारास यादीतून काढण्यात येत आहे. मऊ धातूच्या पिना बसवल्या आहेत.’ संपलं. आप्पा नाहीत, आपण नाही, कोणी नाही.”

“लेथवाला आहे की,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, त्याला दुसरी कामं मिळतील.”

“पलीकडच्या गल्लीत एका मशीनवर बसलेला माणूस तो. अठरा वर्षं आपल्याला पिना देतोय. विमानतळाच्या कागदावर त्याचं नाव असं गेलं तर कोण देईल त्याला काम?”

“मग आप्पांचं नाव घालू? शहात्तराव्या वर्षी? ‘कारखान्याच्या संस्थापकांनी गुपचूप पिना बदलल्या’ असं लिहू?” टेंडरशेठने पेन आपटलं. “आणि कागदावर माझं खोटं नाहीच मुळी. स्टोअरच्या वहीत काय आहे? लेथवाल्याच्या चोवीस पिना दिल्या. खाली सही कोणाची? तुमची.”

ते खरं होतं. मागच्या मंगळवारी आप्पा स्टोअरच्या खिडकीशी आले होते. ‘पिना मी बसवतो. लिहून टाक दिल्या म्हणून. पिशवी राहू दे इथेच, नंतर नेतो.’ आणि तिने लिहून टाकलं. या कारखान्यात खिळासुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर जात नाही, पण आप्पांकडून चिठ्ठी मागायची नाही, हा न लिहिलेला नियम. पिशवी अजून मांडणीवर तशीच होती, दोरीची गाठसुद्धा न सुटलेली. म्हाताऱ्या माणसाला आपण कसला जाब विचारत नाही, कशाचा हिशोब मागत नाही, आणि याला आदर म्हणतो. मग एक दिवस त्याचं काहीतरी चुकतं आणि आपण सगळे मिळून आश्चर्य करतो.

“मी खोट्यावर सही करणार नाही,” ताई म्हणाली. “खरं लिहायचं. आणि उद्यापासून आप्पांना शॉपमध्ये सोडायचं नाही. गेटवर सांगून ठेवा. घरी बसू देत, पेपर वाचू देत. पुरे झालं आता.”

“त्यांच्याच गेटवर?” थोरला म्हणाला.

“माझ्या ड्रॉइंगवर त्यांचा हात फिरतोच कसा? आठ वर्षांपूर्वी पण हेच.”

ते सगळ्यांना आठवलं. चाळीस कामगारांसमोर आप्पांनी तिच्या पहिल्या मोठ्या ड्रॉइंगवर खडूने फुली मारली होती. ‘कागदावर चालतं हे, पोरी, लोखंडात नाही.’ त्याच आठवड्यात ती घर सोडून दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, आणि परत यायला तिला पाच वर्षं लागली. तीसुद्धा या विमानतळाचं काम निघालं म्हणून आली, आप्पांसाठी नाही. निदान ती तसं म्हणायची.

आता खोलीत दोन बाजू पडल्या होत्या, आणि वहिनीला दोन्हीची चीड आली. दोन्ही भाऊ खोटं बोलून बापाला वाचवायला निघाले होते. बहीण खरं बोलून त्याला घराबाहेर काढायला निघाली होती. आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय त्याला विचारावं, असं या तिघांच्या शिकलेल्या डोक्यांत आलं नव्हतं.

“पिन द्या इकडे,” ती म्हणाली.

“कशाला?”

“द्या म्हटलं ना, ताई.”

बावीस वर्षांपूर्वी या घराने तिच्या हातात स्टोअरच्या किल्ल्या दिल्या होत्या. मत कोणी मागितलं नव्हतं. ती मत न देता निघाली.

*

तीन जिने बाई तपासत होत्या. चौथा मागे, रंगाच्या शेडजवळ उभा होता. विमानाच्या दाराशी लावायचा जिना, चाकांवरचा, एकोणीस पायऱ्यांचा. वर चढून गेलं की पुढे नुसती हवा. आप्पा सगळ्यात वरच्या फळीवर पाय सोडून बसले होते आणि डबा खात होते. चाचणी बघायला ते कधीच थांबत नसत. स्वतःच्या मुलाचा निकाल ऐकायला शाळेत जाऊ नये तसं, असं त्यांचं म्हणणं.

“या सूनबाई,” ते वरून म्हणाले. “विमान यायला वेळ आहे अजून.”

ती धापा टाकत वर आली आणि शेजारी बसली. त्यांनी डब्याचं झाकण तिच्यापुढे सरकवलं. तिने काही घेतलं नाही. त्यांच्या तळहातावर पिन ठेवली.

आप्पांनी अंगठ्याने ठिपके चाचपले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की वहिनीला खाली बघावंसं वाटलं.

“तुटली नाही ना?” ते म्हणाले. “किती ओढलं?”

“लाल रेघेच्या पुढे.”

“पुढे! बघ. थोरल्याला म्हणावं, अजून ओढ. खांब येईल उपटून, ही नाही यायची.”

“आप्पा, ती तुटायला हवी होती.”

ते हसले. कोणीतरी बाळबोध काहीतरी बोलल्यावर हसतात तसे.

तिने सांगितलं. ताईने कधीतरी चहा पिताना तिला समजावलं होतं तसंच सांगितलं, हिसका, विमानाचा पाय, दोन मिनिटांत दुसरी पिन. सांगताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सांगून झालं तेव्हा शेडमधला स्प्रेगनचा फुस्सकार तेवढा ऐकू येत होता. आप्पांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

“मुद्दाम मऊ?”

“मुद्दाम.”

“पंचेचाळीस वर्षं मी...” ते थांबले. मग एकदम तिच्याकडे वळले, रागाने नाही, कळवळून. “मग तसं लिहिलं का नाही तिने?”

“काय?”

त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. दांड्याच्या ड्रॉइंगची प्रत. त्यांच्या काळ्या नखाने पिनेवर बोट ठेवलं. बाण काढलेला होता आणि बाणाशी ताईच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: कमजोर पिन.

“शॉपमधल्यांना कळावं म्हणून तिने सोपा शब्द लिहिला असेल,” वहिनी म्हणाली.

“मला पण सोपाच कळला. कमजोर म्हणजे कमजोर. मला वाटलं, पोरीच्या कामात एक कमजोर जागा राहिलीय. तिला माहिती आहे, तिने लिहूनसुद्धा ठेवलंय, पण वेळ पुरला नाही, तशीच सोडून ती विमानतळावर गेली. आणि तिथे मोठमोठी माणसं येणार, त्यांच्यासमोर हे मोडणार, आणि सगळे म्हणणार, बाईमाणसाचं ड्रॉइंग.” त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली, पण ती नीट बसेना. “सांगायला गेलो असतो तर... तुला माहितीय. मागच्या वेळी सांगितलं तर पाच वर्षं गेली. म्हटलं, आता तोंड उघडायचं नाही. गुपचूप नीट करून टाकायचं. तिला कळायलाच नको.”

“ठिपके कशाला मारले मग?”

आप्पा ओशाळले. “हात गेला. हाताला कोण सांगणार.”

वहिनीला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. तिने डब्यातला तोच घास उचलून त्यांच्या हातात दिला. “खा.”

“तिला सांगू नकोस,” ते म्हणाले. “म्हातारा हट्टी आहे, डोकं फिरलं त्याचं, एवढंच राहू दे. तिच्या शब्दामुळे झालं हे तिला कळलं ना, तर ती स्वतःला खाईल. लहानपणापासून तशी आहे. एक गणित चुकलं तर दोन दिवस जेवायची नाही.”

“ती तुम्हाला घरी बसवायचं म्हणतेय.”

त्यांनी समोरच्या हवेत पाहिलं. तिथे विमान असायला हवं होतं.

“बसेन की,” ते म्हणाले. “पण सांगू नकोस.”

वहिनीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. या घरात तिने हे पहिल्या वर्षापासून शिकून घेतलं होतं. ती एकोणीस पायऱ्या उतरली. उतरताना तिच्या लक्षात आलं की आयुष्यभर ती सगळ्यांची गुपितं मांडणीवर लावत आली. सासूबाईंच्या आजाराचं, नवऱ्याच्या फेटाळलेल्या नोकरीच्या अर्जाचं, टेंडरशेठच्या पहिल्या बुडालेल्या कामाचं. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालं, सांगू नकोस, आणि तिने सांगितलं नाही. त्याने कोणाचं भलं झालं? एकाचंही नाही. नुसती मांडणी भरत गेली.

*

पावणेचारला ती ड्रॉइंगच्या खोलीत शिरली तेव्हा टेंडरशेठ खुलाशाची स्वच्छ प्रत काढत होता आणि ताई खिडकीशी पाठमोरी उभी होती.

“वहिनी, वही आणा. सही दाखवायला लागेल.”

“वहीत मी खोटं लिहिलंय,” वहिनी म्हणाली. “पिना मी दिल्याच नाहीत. पिशवी मांडणीवर आहे, तिची गाठ बघून या. लेथवाल्याचा काही संबंध नाही. हे मी बाईंना सांगणार आहे, भाऊजी, तुम्ही काहीही लिहा.”

टेंडरशेठचं पेन थांबलं. “घर बुडवणार तुम्ही.”

“बुडू दे मग. बावीस वर्षांत एकदा तरी माझ्या हाताने बुडू दे.”

थोरल्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. तो उठला आणि आपली खुर्ची तिच्यासाठी ओढली. त्याच्याकडून हे भाषणच होतं. ती बसली नाही.

“आणि ताई, तुम्ही बघा हे.” तिने चार घड्यांचा कागद टेबलावर उलगडला. जिन्यावरून उतरण्याआधी तो तिने आप्पांकडून मागून घेतला होता. त्यांनी दिला, कशाला हवा हे विचारलं नाही. कदाचित त्यांनाही ते माहीत होतं. “आप्पांना वाटलं, तुमच्या कामात कमजोर जागा राहिली. तुम्हाला चारचौघांत हसतील. सांगितलं तर तुम्ही परत जाल. म्हणून गुपचूप केलं. मला म्हणाले, सांगू नकोस, ती स्वतःला खाईल. मी सांगितलं. आता खायचं तर खा, पण जेवून खा. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.”

ताईने कागद हातात घेतला. बराच वेळ ती तो एकच शब्द वाचत राहिली, जणू तो दोन पानांचा होता. मग ती बसली, थोरल्याने वहिनीसाठी ओढलेल्या खुर्चीत.

“बाजारात मी शंभर वेळा वाचलाय तो शब्द,” ती म्हणाली. “पुस्तकात वेगळा आहे. मला वाटलं, वेल्डरला कळायला हवा. आप्पांना काय वाटेल हे... आप्पा वाचतील हेच डोक्यात नव्हतं माझ्या.”

“ते तुमचं सगळं वाचतात,” वहिनी म्हणाली. “रद्दीत टाकलेलंसुद्धा.”

ताई रडली नाही. तिने टेंडरशेठच्या हाताखालून कोरा कागद ओढला आणि लिहायला लागली, कागद फाटेल इतका दाब देऊन.

*

बाई अंगणात टेबल मांडून बसल्या होत्या. जिने त्यांना पसंत पडले होते. फक्त एका पायरीचा रबर निघत होता, तो त्यांनी स्वतःच दाबून बसवला. ताईने कागद पुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचला.

“‘ड्रॉइंगवर ‘कमजोर’ हा चुकीचा शब्द लिहिला गेला. पिन बसवणाऱ्याने तो दोष समजून दुरुस्त केला. चूक ड्रॉइंग करणाऱ्याची.’”

“खोटं आहे,” मागून आवाज आला.

आप्पा जिन्यावरून उतरून आले होते. शर्ट आत खोचला होता, केसांना पाणी लावलं होतं.

“पिन मी बदलली. शब्द कसाही असू दे, मला तोंड होतं. विचारलं नाही. चूक माझी.”

“आप्पा, तुम्ही मध्ये पडू नका,” ताई म्हणाली.

“मध्ये कसला? पिनच माझी आहे.”

“शब्द माझा आहे!”

“म्हणून काय झालं? तू तिथे विहीर लिहिलं असतंस तर मी उडी मारली असती?”

“मारली असती तुम्ही! न विचारता मारली असती!”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. वहिनी पुढे झाली. “आणि वहीतली सही माझी आहे. न देता दिल्या म्हणून लिहिलं. तेही घाला.”

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “बाकी काहीही असो, तुमच्याकडे कारणांची टंचाई नाही,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं तपासते आहे मी. या रकान्यात माणसं कायम दुसऱ्याचं नाव लिहितात. तिन्ही लिहा. आणि खाली उपाय लिहा, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार ते.”

ताईने पेन उचललं. टेंडरशेठ पुढे आला, त्याने तिच्या हातातून कागद घेतला. आपली स्वच्छ प्रत त्याने केव्हाच घडी करून बुटाखाली सरकवली होती. तो इतकं नीट, इतकं मुद्देसूद लिहीत गेला की बाईंनी एकदा कौतुकाने त्याच्या अक्षराकडे पाहिलं. तिसरी चूक लिहून झाल्यावर तो म्हणाला, “उपाय एक. स्टोअरमधून कोणीही काहीही नेलं तर सही. कोणीही.”

“माझीसुद्धा?” आप्पा म्हणाले.

“तुमची आधी.” हे वहिनी म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

“उपाय दोन, ड्रॉइंगवरचा शब्द बदलणार. काय लिहू, ताई?”

ताईने वडिलांकडे पाहिलं. “तुम्ही सांगा. तुम्हाला कळेल असा.”

आप्पांनी हनुवटी खाजवली. दांड्याच्या तोंडापाशी वाकून त्यांनी ते रिकामं भोक बघितलं, बोट घालून बघितलं. “विमानाचा पाय राखते ना ती? मग राखणपिन लिही. राखणपिन म्हटलं की कोणी तिला हात लावणार नाही.”

टेंडरशेठने लिहिलं. थोरल्याने स्टोअरमधून आणलेल्या पिशवीची गाठ सोडली, लेथवाल्याची एक पिन काढून दांड्यात बसवली आणि पंपाकडे वळला.

“सरक,” आप्पा म्हणाले. “मी ओढतो.”

शहात्तर वर्षांच्या माणसाने पंपाची मूठ धरली. दहा-बारा झटक्यांनंतर दम लागला, तरी सोडली नाही. ताई त्यांच्या शेजारी गेजपाशी उभी राहिली आणि आकडा वाचत गेली. हिरवं संपलं. पिवळं संपलं. आप्पांचे ओठ घट्ट मिटले होते. पंचेचाळीस वर्षं ज्या हाताने जोडायचं तेवढंच काम केलं, तो हात आता जाणूनबुजून मोडायला निघाला होता. वहिनीला वाटलं, मध्येच थांबतील. थांबले नाहीत. काटा लाल रेघेला टेकला.

टण्ण!

दांडा उसळला आणि पडला. आप्पांनी डोळे मिटले होते. ते तसेच उभे राहिले.

“आप्पा,” ताई म्हणाली. “बघा तरी.”

त्यांनी डोळे उघडले, पण पिनेकडे पाहिलं नाही. जिथे विमानाचं चाक अडकतं तो पुढचा हूक त्यांनी आधी पाहिला. अंगठा फिरवला, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. ओरखडासुद्धा नव्हता.

“काही झालं नाही याला,” ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, “काहीच झालं नाही.”

बाईंनी सही केली. उरलेल्या तेवीस दांड्यांमधले कोणतेही पाच उद्या ओढून बघेन, म्हणाल्या. मग फायलीतून त्यांनी आणखी एक तक्ता काढला. विमानतळावर ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना या सामानाचं प्रशिक्षण द्यायचं होतं. पुरवठादाराकडून दोन माणसं, चार दिवस. “एक या असतील,” त्या ताईकडे बोट दाखवून म्हणाल्या. “दुसरं कोण?”

टेंडरशेठने घसा साफ केला. थोरल्याने बूट बघितले. वहिनीने नणंदेकडे पाहिलं. सकाळी हिनेच गेटवर सांगून ठेवा म्हटलं होतं, आणि ती आता काय म्हणते यावर म्हाताऱ्याचे पुढचे सगळे दिवस ठरणार होते. आप्पा मान खाली घालून तुटलेले तुकडे गोळा करत होते. ऐकू न आल्यासारखं करत होते.

ताईने तक्ता ओढून घेतला आणि दुसऱ्या ओळीत वडिलांचं नाव लिहिलं. सबंध.

“मी?” आप्पा उठून उभे राहिले. “मी काय सांगणार त्या पोरांना?”

“पिन का तुटू द्यायची ते. तुमच्याइतकं कोणाला कळलंय ते आज?”

“आणि मी चुकीचं काही बोललो तर?”

“थांबवीन.”

“तिथल्या तिथे?”

“तिथल्या तिथे. सगळ्यांसमोर.”

आप्पांनी जरा विचार केला. “चालेल,” ते म्हणाले. “मी पण थांबवीन तुला.”

ताई काहीतरी फाडकन बोलणार होती. वहिनीला ते तिच्या ओठांवर दिसलं. पण तिने खाली बसून दुसरा दांडा ओढून घेतला, दुसरी बाजू रिकामी ठेवली आणि हातोडी त्या बाजूला सरकवली. आप्पा गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, हळूच समोर बसले.

“धर नीट,” ते म्हणाले.

तिने धरलं.